७८ विरुद्ध ७८: दोनशे माणसांच्या मतदारसंघात आमदार कसा ठरतो

ग्रामपंचायतीचे निकाल लागले की कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून ही बातमी येतेच, अमुक वॉर्डात दोघांना सारखी मतं पडली आणि शेवटी ईश्वरचिठ्ठी काढून निकाल लावला. मग ग्रुपवर ठरलेले प्रश्न सुरू होतात, ही लोकशाही म्हणायची की लॉटरी, परत मतदान का नाही घेत, आणि अशा निवडून आलेल्या माणसाला कुणी मान का द्यायचा. प्रश्न अगदी रास्त आहेत.

मी एकदा अशी चिठ्ठी निघताना समोर उभा होतो. तहसील कचेरीच्या मागच्या गोडाऊनमध्ये मोजणी चालू होती, मे महिना, पत्र्याचं छप्पर, पंखा नावालाच. निवडणूक अधिकाऱ्यांनी एकाच कोऱ्या कागदाचे पट्टी लावून दोन सारखे तुकडे केले, एकाच पेनने दोन्ही नावं लिहिली, दोन्हीकडच्या माणसांना दाखवली, सारख्या घड्या घातल्या आणि काचेच्या बरणीत टाकून बरणी हलवली. बाहेर भेळेची गाडी होती, तिथली सात-आठ वर्षांची मुलगी बोलावून आणली. तिने हात आत घातला आणि विचारलं, "कुठली काढू?" कुणीच काही बोललं नाही, बोलणार तरी काय. त्या दोन सेकंदांत त्या गोडाऊनमध्ये जी शांतता होती ती माझ्या अजून लक्षात आहे.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. आणि तो समजून घ्यायला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाहीच, ते आहे कॅनडाच्या पार उत्तर टोकाचं, आर्क्टिक सर्कलच्या वरचं. एवढासा मतदारसंघ, पण तिथे अशी चिठ्ठी एकदा नाही, दोनदा निघाली, आणि दुसऱ्यांदा निघाली तेव्हा अख्ख्या प्रदेशाचं सरकार त्या निकालाकडे डोळे लावून बसलं होतं.

आधी गाव कुठे आहे ते बघू

कॅनडाचा युकॉन नावाचा प्रदेश आहे, अलास्काला खेटून. क्षेत्रफळ साधारण ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट. आणि लोकसंख्या? २०२१ च्या जनगणनेत ४०,२३२. एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात असतात. त्यातली २८ हजार राजधानी व्हाइटहॉर्समध्येच राहतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या प्रदेशात बारा हजार माणसं पसरलेली.

ह्या युकॉनच्या वरच्या टोकाला ओल्ड क्रो नावाचं गाव आहे, पॉर्क्युपाइन नदीच्या काठावर. २०२१ मध्ये तिथे २३६ लोक राहत होते. बारमाही रस्ता नाही, युकॉनमधलं हे एकच गाव असं आहे जिथे एरवी रस्त्याने जाता येत नाही, विमानानेच जावं लागतं, दूध-पीठापासून सिमेंटपर्यंत जवळजवळ सगळं विमानातून उतरतं (आणि म्हणूनच असेल, ज्या एअर नॉर्थ कंपनीची विमानं तिथे जातात तिच्यात गावच्या लोकांची जवळजवळ निम्मी मालकी आहे). तिथले लोक वुंतुत ग्विचिन, म्हणजे तळ्यांच्या मुलखातली माणसं, कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांचं सगळं जगणं कॅरिबूभोवती फिरतं. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच्या जातीचं हरीण, त्याचा लाखाच्या वरचा कळप दरवर्षी ह्या भागातून ये-जा करतो, गावकरी त्याची शिकार करतात, मांस वाळवून ठेवतात, कातडं वापरतात.

हे एवढं गाव आणि भोवतालचा रिकामा मुलूख मिळून युकॉनच्या विधानसभेचा एक मतदारसंघ होतो, नाव वुंतुत ग्विचिन. २०२१ मध्ये विधानसभेच्या १९ जागा होत्या, त्यातली एक ही. आधी ह्या मतदारसंघाचं नाव नुसतं ओल्ड क्रोच होतं. आपल्याकडे तुलनेला बघा, २०२४ मध्ये महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ जागा, म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार मतदार. ओल्ड क्रोचा अख्खा मतदारसंघ आपल्या एका मतदान केंद्राच्या यादीतसुद्धा सहज मावेल, वर जागा उरेल.

"सगळ्यात जास्त मतं" हा नियम कुठे अडकतो

कॅनडात आणि आपल्याकडे निवडणुकीचा मूळ नियम एकच आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला. पन्नास टक्के लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असलं की पुरे. धावण्याच्या शर्यतीसारखं आहे, पहिला किती सेकंदांनी पुढे होता ह्याला महत्त्व नाही, छाती आधी कुणाची लागली एवढंच बघायचं. पण दोघांची छाती एकाच क्षणी लागली तर? "जास्त मतं कुणाला" ह्या प्रश्नाचं उत्तर "कुणालाच नाही" असं येतं, आणि सीट तर एकच आहे, ती अर्धी-अर्धी करता येत नाही. म्हणून प्रत्येक देशाला ह्या एका भोकासाठी वेगळा नियम लिहून ठेवावा लागतो.

मग मोठ्या मतदारसंघात असं का होत नाही? होतं, पण क्वचित. साधी नाण्याची गोष्ट घ्या. चार नाणी उडवली तर बरोब्बर दोन छापे, दोन काटे पडण्याची शक्यता साडेसदतीस टक्के असते. दहा उडवली तर पाच-पाच पडण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या आसपास. १५६ नाणी उडवली तर ७८-७८ येण्याची शक्यता साधारण १६ मध्ये एकदा. आणि दोन लाख नाणी उडवली तर साधारण ५६० मध्ये एकदा. खरी माणसं काही नाणी नसतात, लाट असते, जात असते, उमेदवाराचं काम असतं, त्यामुळे मोठ्या मतदारसंघात पारडं कुठेतरी झुकतंच आणि प्रत्यक्षातली शक्यता ह्याहून कितीतरी कमी होते. पण छोट्या ठिकाणी, जिथे दोन्ही उमेदवार गावातलेच, दोघांनाही मानणारी माणसं भरपूर, तिथे बरोबरी ही काही चमत्काराची गोष्ट नाही. आपल्याकडे ती ग्रामपंचायतीत होते आणि विधानसभेत सहसा होत नाही त्याचं कारण हेच.

अर्थात मोठ्या ठिकाणीसुद्धा काठावर येतंच. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात फक्त ४८ मतांचा फरक होता, साडेनऊ लाखांच्या आसपास मतं मोजून झाल्यावर. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. आणि राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५, तेव्हा ते मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत होते.

ओल्ड क्रोची निवडणुकांची कहाणी

युकॉनमध्ये पक्षांच्या नावावर पहिली निवडणूक झाली १९७८ मध्ये. त्याआधी उमेदवार आपापल्या नावावर उभे राहायचे. आणि त्याच्याही मागे गेलं तर एक गोष्ट आजच्या वाचकाला धक्का देईल अशी आहे, कॅनडाच्या संसदेच्या निवडणुकीत तिथल्या मूळ रहिवाशांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता मत द्यायचा हक्क १९६० मध्ये मिळाला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीतच धडगाव-अक्कलकुव्यापासून भामरागडपर्यंत प्रत्येक प्रौढ आदिवासीला मत होतं, कॅनडासारख्या श्रीमंत देशाला त्यानंतर आठ-नऊ वर्षं लागली. म्हणजे १९७८ ला ओल्ड क्रोमध्ये मत देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं अर्धं आयुष्य मताशिवाय गेलेलं होतं.

तर १९७८ ला तिथून निवडून आले ग्राफ्टन न्जूटली, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. १९८२ ला त्याच पक्षाच्या कॅथी नुकॉन. १९८५ ला वारं फिरलं आणि एनडीपीच्या, म्हणजे तिथल्या डाव्या विचाराच्या पक्षाच्या, नॉर्मा कासी आल्या, त्या १९८९ ला परत निवडून आल्या. ह्या बाईंचं काम मला विशेष वाटतं. सीमेपलीकडे अलास्कात जिथे कॅरिबूंची पिल्लं जन्माला येतात त्या जमिनीत तेल आहे, आणि तिथे ड्रिलिंग होऊ नये म्हणून ग्विचिन लोक पार वॉशिंग्टनपर्यंत जाऊन अनेक दशकं भांडतायत, त्या लढ्यातला हा एक मोठा आवाज. दोनशे-अडीचशे माणसांच्या गावची आमदार अमेरिकेच्या तेलाच्या राजकारणाला जाऊन भिडते, ही साधी गोष्ट नाही.

१९९२ ला सीट युकॉन पार्टीच्या जॉनी एबल यांच्याकडे गेली. हा तिथला उजवीकडे झुकणारा पक्ष, जुन्या कॉन्झर्व्हेटिव्हांचाच नवा अवतार. १९९५ मध्ये पदावर असतानाच एबल वारले, पोटनिवडणूक झाली, त्यांच्याच पक्षाचे ईसॉ शेफर आले. आणि काही महिन्यांतच, १९९६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, शेफर आणि एनडीपीचे रॉबर्ट ब्रूस यांना सारखी मतं पडली. परत मोजली, तरी सारखीच. चिठ्ठी काढली, ब्रूस जिंकले. त्या वर्षी एनडीपीला प्रदेशात तसंही स्पष्ट बहुमत होतं, त्यामुळे सरकारवर काही परिणाम झाला नाही. पण चिठ्ठीने आलेले हेच ब्रूस पुढे विधानसभेचे स्पीकर झाले, म्हणजे आपल्याकडचं अध्यक्षपद. आणि सभागृहाने त्यांना चिठ्ठीचा आमदार म्हणून बाजूला ठेवलं नाही.

त्यानंतर एनडीपीच्याच लोरेन पीटर. २००६ ला लिबरल पक्षाचे डेरियस इलायस, ते २०११ ला परत आले, मग २०१२ ला लिबरल सोडून अपक्ष झाले, २०१३ ला युकॉन पार्टीत गेले. २०१६ ला ते युकॉन पार्टीकडून उभे राहिले आणि लिबरलच्या पॉलीन फ्रॉस्ट यांच्याकडून सात मतांनी हरले. सात मतं म्हणजे ओल्ड क्रोमध्ये एक-दोन घरं.

१९७८ ते २०२१ ची यादी मांडून बसलो तर दहा आमदार होतात आणि त्यातल्या पाच बाया. आरक्षण नसताना. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ मध्ये बायका किती असतात ते आपल्याला माहीतच आहे.

२०२१: एका गावाकडे सगळ्या प्रदेशाचे डोळे

१२ एप्रिल २०२१ ला युकॉनमध्ये मतदान झालं. रात्री आकडे आले ते असे: युकॉन पार्टी ८, लिबरल ८, एनडीपी २, आणि एक सीट लटकलेली. ती सीट म्हणजे वुंतुत ग्विचिन. पॉलीन फ्रॉस्ट, ज्या आदल्या सरकारात आरोग्यमंत्री होत्या, त्यांना ७८ मतं. समोर एनडीपीच्या ॲनी ब्लेक, त्यांनाही ७८.

१९ पैकी बहुमताला १० लागतात. आता हिशेब बघा. फ्रॉस्ट जिंकल्या तर लिबरल ९, युकॉन पार्टी ८, एनडीपी २, म्हणजे लिबरल सगळ्यात मोठा पक्ष. ब्लेक जिंकल्या तर दोन मोठे पक्ष ८-८ आणि एनडीपी ३. दोन्हीकडे कुणालाच एकट्याने बहुमत नाही, हे खरं, पण पहिल्यात लिबरलकडे "आम्ही मोठे" म्हणायला जागा आहे आणि दुसऱ्यात नाही, आणि छोट्या पक्षाच्या हातात वाटाघाटीला जास्त वजन आहे. आपल्याला हे गणित नवीन नाही, २०१९ नंतर महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही बहुमताचा आकडा तोंडपाठ झालाय.

सारखी मतं आली की युकॉनमध्ये आधी न्यायाधीशासमोर फेरमोजणी होते. साधी फेरमोजणी निवडणूक कर्मचारी करतात, ही मात्र कोर्टाच्या देखरेखीखाली होते, प्रत्येक मतपत्रिका हातात घेऊन बघितली जाते, खूण नीट आहे का, बाद ठरवलेली खरंच बाद आहे का. १५६ कागद. आपल्याकडे ईव्हीएम आणि लाखोंच्या आकड्यांमुळे मत म्हणजे स्क्रीनवरचा नंबर वाटतो, तिथे ते कागद टेबलावर मांडले तर एका नजरेत सगळे दिसतील.

१९ एप्रिलला फेरमोजणी झाली. परत ७८-७८. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी. नाव निघालं ॲनी ब्लेक. मंत्री असलेली बाई एका कागदाच्या तुकड्याने घरी गेली.

त्यानंतर २८ एप्रिलला लिबरल आणि एनडीपी यांच्यात लेखी करार झाला, बाहेरून पाठिंब्यासारखा, एनडीपी सरकारात जाणार नाही पण बजेट आणि विश्वासदर्शक ठरावाला साथ देणार, बदल्यात त्यांच्या मागण्या मान्य. त्यातूनच तिथलं किमान वेतन तासाला १५ डॉलर २० सेंट झालं, घरभाडं दरवर्षी किती वाढवता येईल ह्यावर मर्यादा आली. मी असं म्हणणार नाही की हे सगळं एका चिठ्ठीमुळे झालं, कारण ब्लेक हरल्या असत्या तरी लिबरलना एनडीपीची गरज लागलीच असती. पण तीन जणांनी टेबलावर बसणं आणि दोघांनी बसणं ह्यात फरक असतो, आणि समोरचा पक्ष तेव्हा ९ वर नसून ८ वर होता.

"पण परत मतदान का नाही घेत?"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. काही ठिकाणी घेतात. खुद्द कॅनडाच्या संसदेच्या निवडणुकीत सारखी मतं पडली तर पुन्हा मतदान होतं. त्याआधी जुन्या काळी तिथे निवडणूक अधिकाऱ्यालाच निर्णायक मत द्यायचा हक्क होता, म्हणजे जो पंच तोच शेवटचा रन काढणार, ती पद्धत बंद झाली हे बरंच झालं. प्रिन्स एडवर्ड आयलंड ह्या कॅनडाच्याच राज्यात २०१५ ला एक सीट नाणं उडवून ठरली. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २०१७ च्या निवडणुकीत दोघांना ११,६०८-११,६०८ मतं पडली आणि वाडग्यातून नाव काढलं, आणि त्या एका नावावर सभागृहाचं ५१-४९ असं बहुमत ठरलं.

पुन्हा मतदान ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटतं. पण ओल्ड क्रोसारख्या ठिकाणी ते कसं होईल ह्याचा विचार करा. गावात सगळ्यांना कळलंय की आता एक माणूस इकडचा तिकडे झाला की निकाल फिरतो. जे पहिल्यांदा मत द्यायला गेले नव्हते ते कोण हेही सगळ्यांना माहीत. मग त्या दहा-वीस घरांवर केवढा दबाव येईल, नातेवाईक येणार, पार्टीवाले विमानाने येणार, आश्वासनं, रुसवेफुगवे. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या निवडणुकीत एका मतासाठी काय होतं ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या मतदानात लोकांनी मोकळेपणाने मत दिलं होतं, दुसरं तसं राहणार नाही. म्हणून मला वाटतं, लहान ठिकाणी चिठ्ठीच जास्त प्रामाणिक. लोकांचा कौल बरोबरीचा आहे हे ती मान्य करते, आणि पुढचा निर्णय अशा गोष्टीवर सोडते जी कुणालाच विकत घेता येत नाही.

भारताच्या कायद्यात काय आहे

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६५. सारखी मतं पडली तर निवडणूक अधिकारी तिथल्या तिथे चिठ्ठीने निर्णय करणार, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला "एक जादा मत मिळालं" असं धरणार. म्हणजे कायद्याच्या लेखी तो चिठ्ठीने आलेला राहतच नाही, तो एका मताने निवडून आलेला होतो. बारीक गोष्ट आहे पण मला ती आवडते, पाच वर्षं कुणी त्याला अर्धवट आमदार म्हणू नये म्हणून केलेली सोय.

मुंबईकरांना २०१७ आठवत असेल. महापालिकेत गिरगावच्या वॉर्ड २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांना ५,९४६ मतं. चिठ्ठीत शहा जिंकले. तेव्हा शिवसेना ८४ आणि भाजप ८२ वर होते, चिठ्ठी उलटी निघाली असती तर ८५ आणि ८१.

"दोनशे माणसांना एक आमदार, हा अन्याय नाही का?"

हा आक्षेप मला चिठ्ठीपेक्षा मोठा वाटतो, आणि आपल्याकडे आता डिलिमिटेशनवरून, म्हणजे मतदारसंघांची फेररचना करण्यावरून, जी चर्चा चालू आहे तिच्याशी तो थेट जोडलेला आहे. युकॉनमध्ये २०२१ ची लोकसंख्या भागिले तेव्हाच्या १९ जागा केलं तर एका आमदारामागे २,१०० च्या थोडी वर माणसं येतात. ओल्ड क्रोमध्ये २३६. म्हणजे तिथल्या माणसाच्या मताला प्रदेशातल्या सरासरी मताच्या जवळजवळ नऊपट वजन. मग "एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य" कुठे गेलं?

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सस्कॅचेवान राज्याच्या प्रकरणात ह्याचं उत्तर दिलं. कोर्ट म्हणालं, मताच्या हक्काचा अर्थ प्रत्येक मतदारसंघ आकड्याने अगदी सारखा असा नाही, परिणामकारक प्रतिनिधित्व असा आहे. समानता महत्त्वाची, पण भूगोल, समाजाचा इतिहास, अल्पसंख्याकांचा आवाज ह्या गोष्टीही बघायच्या.

घरातलं उदाहरण देतो. चार भावंडांत पोळ्या सारख्या वाटणं हा न्याय. पण एक भाऊ दूर शेतावर राहतो, त्याला जेवण पोचवायला वेगळा डबा लागतो. "सगळ्यांना मिळून एकच मोठा डबा, ज्याला हवं त्याने घरी येऊन खा" असं केलं तर आकडे सारखे, पण शेतावरचा उपाशी. ओल्ड क्रोला शेजारच्या मतदारसंघाला जोडलं तर तिथल्या लोकांचं मत जाणार नाही, मोजलं जाईल, पण उमेदवाराला त्यांच्याकडे विमानाने जायचं काही कारणच उरणार नाही, कारण तेवढ्या खर्चात रस्त्यावरच्या गावांत तो दहापट माणसांना भेटेल.

आपणही हे करतोच की. लक्षद्वीपचा लोकसभा मतदारसंघ साठ हजार मतदारांच्या आतला आहे आणि तेलंगणात मलकाजगिरीमध्ये तीस लाखांच्या वर मतदार आहेत, दोन्हीकडून खासदार एकच. बेटांना वेगळा खासदार नको असं कुणी म्हणत नाही.

पण मी हेही म्हणेन की ह्या युक्तिवादाला सीमा हवी. दूरच्या बेटाला, रस्ता नसलेल्या गावाला, वेगळी भाषा-संस्कृती असलेल्या समाजाला सूट देणं वेगळं, आणि सत्तेतल्या पक्षाच्या सोयीने शहरांच्या जागा कमी ठेवणं वेगळं. पुणे-ठाण्यासारखी शहरं फुगत गेली आणि जागांच्या सीमा जुन्या जनगणनेवरच राहिल्या तर तिथल्या माणसाची तक्रार खरी आहे, तिला ओल्ड क्रोचं उदाहरण देऊन गप्प करता येणार नाही.

"त्यांची स्वतःची पंचायत आहे ना, मग आमदार कशाला?"

वुंतुत ग्विचिन लोकांचं स्वतःचं सरकार आहे, चीफ आणि कौन्सिल, १९९५ पासून लागू झालेल्या करारानुसार त्यांची स्वतःची जमीन आहे आणि बऱ्याच बाबतीत स्वतःचे कायदे करायचा अधिकार आहे. आपल्या ग्रामसभेपेक्षा कितीतरी जास्त ताकद. पण आरोग्य, शिक्षण, विमानतळ ह्यांचा पैसा आणि कायदे बऱ्यापैकी व्हाइटहॉर्सच्या विधानसभेत ठरतात. पेसा कायद्याखालच्या, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार असलेल्या आदिवासी भागातल्या, गावाला ग्रामसभा असते म्हणून त्याला आमदार नको असं आपण म्हणतो का? तेच.

मतदार "इथलाच" कोण?

२०२१ ची गोष्ट चिठ्ठीवर संपली नाही. फ्रॉस्ट कोर्टात गेल्या. मुद्दा असा की, व्हाइटहॉर्सच्या तुरुंगात असलेल्या एका माणसाने वुंतुत ग्विचिनमध्ये मत दिलं होतं, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार तो तिथला रहिवासी धरता येत नव्हता. ७८-७८ मध्ये एक मत बाद झालं तर चिठ्ठीच रद्द. कोर्टाने याचिका फेटाळली आणि ब्लेक यांची सीट कायम राहिली.

इथे आपल्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल, कैद्याला मत? कॅनडात २००२ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सगळ्या कैद्यांना मत आहे. भारतात नाही, १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ तुरुंगातल्या माणसाला मत देऊ देत नाही, अगदी खटला चालू असलेल्यालाही नाही.

पण त्यातला दुसरा प्रश्न आपल्या अगदी ओळखीचा आहे, माणूस नेमका कुठला? मुंबईत तीस वर्षं राहणारा, पण रत्नागिरी-साताऱ्याच्या गावच्या यादीत नाव असलेला, निवडणुकीला रात्रीच्या गाडीने गावी जाणारा, असे लाखो लोक आहेत. कायदा म्हणतो "सर्वसाधारण रहिवासी", मन म्हणतं गाव. तीन लाखांच्या मतदारसंघात अशी शंभर नावं इकडची तिकडे झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ओल्ड क्रोमध्ये एक नाव कोर्टापर्यंत जातं. म्हणून मला चिठ्ठीपेक्षा यादीची काळजी जास्त वाटते. चिठ्ठी शेकडो निवडणुकांत एकदा निघते, पण यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत फिरलेला माणूस प्रत्येक निवडणुकीत असतो, आणि त्याची बातमी होत नाही.

नवी पद्धत आली तर चिठ्ठी जाईल का

युकॉनची विधानसभा २०२५ च्या निवडणुकीपासून १९ वरून २१ जागांची झाली. त्याच दिवशी लोकांना विचारलं गेलं की मतपत्रिकेवर एकाच उमेदवाराला खूण करण्याऐवजी १, २, ३ असा पसंतीक्रम द्यायची पद्धत आणावी का, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं. आपल्याकडे विधान परिषदेला असा पसंतीक्रम असतो. ह्या पद्धतीने मतविभागणीचा प्रश्न बराच सुटतो, तीन-चार उमेदवारांत तीस टक्के मतांवर कुणी निवडून येत नाही. पण बरोबरी ती काही थांबवू शकत नाही. शेवटी दोनच उमेदवार उरले आणि दोघींना ७८-७८ पडली की पुढे पसंती मोजायला काही उरतच नाही, परत तीच घडी घातलेली चिठ्ठी.

आणि हरलेल्या बाईंचं काय झालं, हे मी मुद्दाम शोधलं. पॉलीन फ्रॉस्ट राजकारण सोडून कुठे गेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये वुंतुत ग्विचिन फर्स्ट नेशनच्या, म्हणजे त्या लोकांच्या स्वतःच्या सरकारच्या, निवडणुकीत लोकांनी त्यांना चीफ म्हणून निवडलं. म्हणजे तेव्हा त्याच नदीकाठच्या त्याच माणसांची विधानसभेतली प्रतिनिधी ॲनी ब्लेक, आणि त्यांच्या स्वतःच्या सरकारची प्रमुख पॉलीन फ्रॉस्ट, दोघी एकाच वेळी.